विहीर एकीची, धाव दुसरीची

अनसिंगच्या शिवारात जगदेवचं सोळा एकर वावर होतं. त्यातलं निम्मं विहिरीखाली भिजायचं. एकोणीसशे तीस सालच्या भादव्यात जगदेव तापानं वारला. मागं दोन बायका राहिल्या. थोरली कस्तुराबाई, धाकटी रंगूबाई. मूल एकीलाही नव्हतं, आणि त्याचसाठी दुसरी केली होती.

जगदेव जिवंत असताना दोघी एका चुलीवर चौदा वर्षं राहिल्या. तो गेल्यावर चौदा दिवसही राहिल्या नाहीत. भांडण लागलं ते मरताना जगदेव कोणाला काय बोलला यावरून. कस्तुराबाई म्हणे, "वावर सांभाळ, असं मले म्हनले." रंगूबाई म्हणे, "मले म्हनले." त्यांचा सालदार हेमला, जवळच्या तांड्यावरचा बंजारा, त्या वेळी दाराशीच उभा होता. त्याच्या कानांनी ऐकल्याप्रमाणे जगदेव तापाच्या भरात शेवटपर्यंत बैलाला शिव्या देत होता. पण हेमलाला कोणी विचारलं नाही, आणि न विचारता सांगायची त्याची पद्धत नव्हती.

दोघी मिळून वाशीमला इब्राहीम मुन्शीकडे गेल्या. इब्राहीम तहसील कचेरीसमोर चटई टाकून बसायचा आणि लोकांचे अर्ज, खरेदीखतं, वाटणीपत्रं लिहून द्यायचा. त्याचं अक्षर मोत्याच्या दाण्यासारखं होतं. तीस वर्षांत आपल्या कागदात एक खाडाखोड सापडली नाही, असं तो सांगायचा आणि ते खरं होतं.

त्यानं आधी कायदा सांगितला. "बाई, नीट ऐका. हे वावर तुमा दोघींचं मिळून आहे. खायचं, कसायचं, वाटून घ्यायचं. विकायचं म्हनलं तर कोर्टाले तशीच मोठी गरज दाखवा लागते. दोघींतली एक गेली की सारं दुसरीचं. दुसरी गेली की जगदेवच्या पुतन्याचं, रामकिसनचं."

"म्हंजे जे मांगून मरन तिचं?" रंगूबाईनं विचारलं. ती तेव्हा बत्तीसची होती.

"तसंच काही."

कस्तुराबाई सेहेचाळीसची होती. ती म्हणाली, "लिहा मंग वाटनी. लवकर लिहा."

पुतण्या रामकिसन सोबत आला होता. गावातला लिहिता-वाचता माणूस. दोन्ही काकूंना कागदातलं काही कळत नाही, तर आपण मदत करावी, म्हणून आला होता. वावराची मोजणी त्यानंच केली होती. कस्तुराबाईला विहीर हवी होती, रंगूबाईला आपल्या हातानं लावलेली केळी आणि रस्त्याची बाजू हवी होती. रामकिसननं दोघींचं ऐकलं आणि वावरातून दक्षिणोत्तर सरळ रेघ ओढली. पूर्वेचे आठ एकर विहीर व मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्यासह कस्तुराबाईचे. पश्चिमेचे आठ एकर केळीच्या बागेसह रंगूबाईचे. इब्राहीमनं ते सुंदर अक्षरात उतरवलं, दोघींनी अंगठे केले, सब-रजिस्ट्रारसमोर नोंद झाली.

वावर इब्राहीमनं पाहिलेलं नव्हतं. रेघ थारोळ्याच्या अगदी पश्चिम काठावरून गेली होती. आणि मोटेची धाव, म्हणजे मोट ओढताना बैल ज्या उतारावरून खाली जातात आणि परत वर येतात ती सत्तर हात जागा, रेघेच्या पश्चिमेला होती. त्यामुळे विहीर कस्तुराबाईची झाली आणि धाव रंगूबाईची.

हे रामकिसनला मोजतानाच माहीत होतं. पाण्यावाचून दोन्ही वाटण्या दोन वर्षांत बसतील आणि मग दोन्ही काकू आपल्याकडे वावर कसायला देतील, असा त्याचा हिशेब होता. त्यात त्याला वाईट काही वाटत नव्हतं. शेवटी वावर त्याच्याकडेच यायचं होतं, तो फक्त थोडं आधी मागत होता.

पहिला महिनाभर काही झालं नाही, कारण पाऊस मागून पडला आणि विहिरीची गरज लागली नाही. दिवाळीनंतर मिरचीला पाणी लागलं, तेव्हा वाटणीनंतर बैलांसकट कस्तुराबाईकडे राहिलेल्या हेमलानं नेहमीसारखी मोट जुंपली आणि कस्तुराबाईची मिरची भिजू लागली. दुसऱ्या दिवशी रंगूबाई धुऱ्यावर, दोन्ही वावरांमधल्या बांधावर, येऊन उभी राहिली. वाटणी झाल्यापासून दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. जे बोलायचं ते हेमलाला सांगायच्या, मग दुसरी चार हातांवर उभी असली तरी.

"हेमला, तिले सांग, बैल माह्या जागेत चालून राह्यले. अर्धं पानी माह्या केळीले सोडलं तर चालू देईन."

हेमलानं मान वळवली. कस्तुराबाई थारोळ्यापाशीच होती. तिनं ऐकलं होतं, तरी ती हेमलानं सांगेपर्यंत थांबली. मग म्हणाली, "तिले सांग, कागदात इहीर माही आहे. पान्याचं काही लिहेल नाही."

"तिले सांग, कागदात धाव माही आहे. बैलाचंही काही लिहेल नाही."

हेमलानं दोन्ही निरोप पोचवले आणि मोट चालू ठेवली.

चार दिवसांनी रंगूबाई कोतवालाला घेऊन आली. कल्पना रामकिसनची होती. दुसऱ्याच्या जमिनीत शिरलेली जनावरं कोंडवाड्यात घालता येतात, एवढा कायदा त्याला माहीत होता. त्या वेळी बैल धावेच्या मध्यावर होते, हेमला नाड्यावर, म्हणजे मोटेच्या दोरावर, बसलेला होता आणि भरलेली मोट विहिरीच्या तोंडाशी यायची होती.

"उतर," कोतवाल म्हणाला.

"मोट वर येऊ दे," हेमला म्हणाला.

"जनावरं माह्या ताब्यात आहेत आता. मोटेचं मले काही सांगतलं नाही."

हेमला उतरला. नाडा सुटला आणि मोट जोरानं खाली जाऊन आपटली. बैलांना जूसकट गावात नेलं. कोंडवाड्याच्या वहीत नोंद झाली, 'भटकी जनावरे, बैल, नग दोन, जू सहित.'

कस्तुराबाईनं तिसऱ्या दिवशी बैल सोडवून आणले. मोट वर काढली तर तिचं चामडं दोन ठिकाणी फाटलं होतं. मग ती इब्राहीमकडे गेली आणि दावा लिहून मागितला. मोट चालवायला धाव लागतेच, तेव्हा आपल्या बैलांना वहिवाटीचा हक्क मिळावा, असा.

इब्राहीमनं दावा लिहून दिला. आठ दिवसांनी रंगूबाई आली आणि तिनं त्याचा जबाब लिहून मागितला. इब्राहीमनं तोही लिहून दिला. दोन्ही कागद सारखेच सुंदर होते. रंगूबाईला बाहेरून कळलं की दावाही त्यानंच लिहिला, तेव्हा ती परत आली.

"मुन्शीजी, तुमी कोनाचे?"

"कागदाचा," इब्राहीम म्हणाला. "वाटनीचा कागद माहाच होता. त्यातून जे निपजन ते मलेच लिहा लागन."

दावा वाशीमच्या दिवाणी कोर्टात चौदा महिने चालला. त्या दिवसांत मोट बंद होती. कस्तुराबाईची मिरची एक हंगाम गेली. पूर्वेकडून नवी धाव पाडता येईल का, म्हणून तिनं दोन वडार आणून दाखवले. हातभर मातीखाली काळा पाषाण लागला. वडार म्हणाले, धाव होईल, पण तुमच्या नातवांना कामी येईल. कस्तुराबाईनं त्यांना भाकरी खाऊ घालून परत पाठवलं.

रंगूबाई घागरीनं नाल्यातून पाणी आणून केळीला घालत होती. तीनशे खोडांतली चाळीस जगली. रामकिसन दर आठ दिवसांनी यायचा, केळी मोजायचा आणि म्हणायचा, "लहान काकू, कायले कष्ट करता? वावर मले द्या. मी तुमाले बसून खाऊ घालतो." मग धुरा ओलांडून पलीकडे जायचा आणि मोठ्या काकूला तेच म्हणायचा.

साक्षीची तारीख लागली. रामकिसन आदल्या दिवशी रंगूबाईकडे आला आणि उंबऱ्यावर बसून त्यानं तिला समजावलं. सगळा दावा एका गोष्टीवर अडला होता. वाटणीच्या आधी मोट ह्याच धावेवरून चालत होती की नाही? चालत होती असं ठरलं, तर कस्तुराबाईला हक्क मिळणार. "तुमी फक्त एवढं सांगा, की जुनी धाव पूर्वेले होती. हे आत्ताची धाव वाटनीच्या नंतर मोठ्या काकूनं जबरीनं पाडली. बाकी मी आन् वकील पाहून घेतो."

"पूर्वेले पाषान आहे," रंगूबाई म्हणाली.

"जज्ज खोदून पाह्यत नाही, काकू."

रंगूबाईनं घागर उचलली आणि ती नाल्याकडे निघाली. रामकिसननं ते होकार म्हणून धरलं.

सकाळी दोन गाड्या वाशीमला गेल्या. एक रामकिसनची, तिच्यात रंगूबाई. एक हेमला हाकत होता, तिच्यात कस्तुराबाई. कोर्टात पहिल्यांदा कस्तुराबाईची साक्ष झाली. तिनं धाव जुनी आहे असं सांगितलं, पण तिचा स्वतःचा फायदा असल्यानं त्याला फार वजन नव्हतं. हेमला सालदार, म्हणजे तिचा माणूस. त्याच्या साक्षीलाही नव्हतं. मग रंगूबाईला उभं केलं. तिनं शपथ घेतली.

कस्तुराबाईच्या वकिलानं विचारलं, "ही धाव कोणी पाडली?"

रंगूबाईनं आधी रामकिसनकडे पाहिलं. मग तिची नजर खाली गेली. तिचे दोन्ही हात कठड्यावर होते.

"मी," ती म्हणाली.

वकील थांबला. हे त्याला अपेक्षित नव्हतं. "तुम्ही? एकट्यांनी?"

"एकटीच्यानं होते काय? ही बाई आन् मी." तिनं बोट केलं नाही, हनुवटी फक्त कस्तुराबाईच्या दिशेला हलवली. "माह्या लग्नाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात. इहीर खोदली तिची माती वर पडून होती. ते टोपल्यानं वाहून आमी दोघीनं उतार भरला. मले तवा सातवा महिना होता. ते पोर मंग राह्यलं नाही."

कोर्टात कोणीतरी खोकलं.

"आणि तुमचा नवरा?" जज्जसाहेबांनी विचारलं.

"ते पाहून राह्यले होते. उतार बरोबर येते का नाही म्हनून."

"वाटणीच्या आधी बैल ह्याच धावेवरून चालत होते?"

"दुसरीकून कसे चालतीन? दुसरी धावच नाही."

जज्जसाहेबांनी लिहून घेतलं. रंगूबाईच्या वकिलानं कागदांची गुंडाळी करायला सुरुवात केली. कस्तुराबाई भिंतीजवळ बसली होती. दावा आपण जिंकल्यात जमा आहे हे तिला कळलं. पण तिच्या मनात त्या वेळी दावा नव्हता. त्या उन्हाळ्यात रंगूला तिनं म्हटलं होतं, टोपलं अर्धं भर. रंगूनं ऐकलं नव्हतं. पुढं ते मूल गेलं तेव्हा कस्तुराबाई तिला म्हणाली होती, सांगतलं होतं तुले. चौदा वर्षं झाली त्याला. तेव्हापासून दोघींपैकी कोणीही त्या गोष्टीचा उच्चार केला नव्हता, आणि आज तो भर कोर्टात, कारकुनासमोर झाला होता.

बाहेर आल्यावर रामकिसननं आपली गाडी जुंपली आणि रंगूबाईला न घेता निघून गेला. ती कोर्टाच्या फाटकाशी उभी राहिली. अनसिंग सात कोस. हेमलाची गाडी तिच्यापाशी येऊन थांबली.

कस्तुराबाई म्हणाली, "हेमला, तिले इचार, बसते काय."

"तिले सांग, मी पायी जातो."

गाडी निघाली आणि रंगूबाई गाडीच्या मागं चालू लागली. हेमलानं बैल इतके हळू हाकले की ती मागं पडेना. दीड कोस असंच झालं. एका नाल्यापाशी तिला ठेच लागली. ती गाडीच्या मागच्या बाजूला, पाय खाली सोडून बसली. कस्तुराबाई पुढं तोंड करून बसलेली होती. घर येईपर्यंत दोघींची पाठ एकमेकींकडे होती.

निकाल महिन्याभरानं लागला. इब्राहीमनं दोघींना तो वेगवेगळ्या वेळी वाचून दाखवला. 'वादीचे दोन बैल व ते हाकणारा एक गडी यांनी प्रतिवादीच्या धावेवरून मोट चालविण्यापुरते जावे-यावे. इतर कोणी जाऊ नये.' पाण्याबद्दल कोर्टाकडे कोणी मागणी केली नव्हती, म्हणून निकालात पाणी नव्हतं.

फाटलेली मोट शिवून आणली, हेमलानं बैल जुंपले आणि पूर्वेची मिरची पुन्हा भिजू लागली. पश्चिमेला चाळीस केळी घागरीवर होती. कस्तुराबाई रोज ते पाहायची. निकालाप्रमाणे ती धावेवर जाऊ शकत नव्हती, म्हणून थारोळ्यापाशी उभी राहून पाहायची. दोनदा तिनं हेमलाला म्हटलं, "तिले सांग..." आणि पुढं काय सांगायचं ते सुचलं नाही. हेमला दोन्ही वेळा थांबून राहिला आणि मग बैलांकडे वळला.

कार्तिकात हेमलाच्या थोरल्या भावाला, रूपलाला, लकवा मारला. तांड्यावरून निरोप आला आणि हेमला त्याच पावली गेला. कधी येईल ते सांगता येत नव्हतं. कापसाची वेचणी चालू होती, गहू पेरायचा होता. गावात रिकामा गडी एकही मिळाला नाही. मिरची फुलावर होती आणि चार दिवसांत माना टाकणार होती. पाचव्या दिवशी कस्तुराबाईनं पदर खोचला, बैल जुंपले आणि स्वतः धावेवर उतरली. मोट हाकणं तिला नवं नव्हतं.

दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीला धावेच्या तळाशी रंगूबाई उभी होती.

आजूबाजूला हेमला नव्हता. दोघींनीही एकदा तो नाही याची खात्री करून घेतली.

"तुमी गडी आहे काय?" रंगूबाई म्हणाली. वाटणीनंतर तिनं सरळ विचारलेलं हे पहिलं वाक्य होतं.

"काय?"

"निकालात गडी लिहेल आहे. दोन बैल आन् एक गडी. बाईमानूस लिहेल नाही."

"मुन्शीले इचार, गडी म्हंजे हाकनारा."

"मुन्शीनंच वाचून दाखोलं. इतर कोनी जाऊ नये, असं लिहेल आहे." रंगूबाई पुढं आली. कोतवाल आणते की काय, असं कस्तुराबाईला वाटलं आणि ती नाडा घट्ट धरून बसली. रंगूबाईनं तिच्या हातातला कासरा घेतला. "उतरा. धाव माही आहे. माह्या जाग्यात चालाले मले कोनाचा निकाल लागत नाही."

कस्तुराबाई उतरली. धाव सोडून ती वर थारोळ्यापाशी गेली, म्हणजे स्वतःच्या जमिनीत. रंगूबाईनं बैल वळवले आणि मोट हाकायला लागली. सुरुवातीला तिच्या हाताला लय नव्हती. मोट दोनदा अर्धी आली. मग बैलांनी आणि तिनं एकमेकांना ओळखलं.

दुपारपर्यंत मिरचीचे सगळे वाफे भरले. कस्तुराबाईनं फावडं घेतलं, थारोळ्याचं पश्चिमेकडचं तोंड उकरलं आणि जुना पाट मोकळा केला. त्यात दोन वर्षांचं गवत होतं. पाणी बराच वेळ तिथंच मुरत राहिलं. मग पुढं सरकलं आणि केळीत गेलं. रंगूबाईनं ते पाहिलं आणि मोट थांबवली नाही.

"नाडा घासून राह्यला," संध्याकाळी बैल सोडताना ती म्हणाली. "दुसरा आना. नाही तं कोनाच्या तरी अंगावर येईन."

"आनतो सोमवारी."

हेमला बारा दिवसांनी परत आला. रूपला बोलायला लागला होता, पण उजवा हात गेला होता. हेमलानं धावेवर रंगूबाईला पाहिलं. थोडा वेळ धुऱ्यावर उभा राहिला, मग फावडं घेऊन पाटावर गेला. तिथं माणूस कमीच होता. संध्याकाळी कस्तुराबाईनं त्याला म्हटलं, "तिले सांग, उद्या गव्हाले पानी सोडायचं आहे." रंगूबाई शेजारीच होती. ती म्हणाली, "त्याले कायले सांगता? आयकून राह्यलो मी."

पुढच्या पौर्णिमेला दोघी वाशीमला इब्राहीमकडे गेल्या. या वेळी एकाच वेळी गेल्या, म्हणून तो उठून उभा राहिला. पाणी अर्धं-अर्धं, धाव दोघींची, एवढं कागदावर घ्यावं म्हणून त्या आल्या होत्या. इब्राहीमनं चष्मा लावला आणि विचारलं, कोणी कोणाला काय दिलं म्हणून लिहू? मोबदला काय? मुदत किती? दोघींतली एक गेल्यावर काय? आणि उद्या रामकिसननं हरकत घेतली तर?

कस्तुराबाईनं रंगूबाईकडे पाहिलं.

"मुन्शीजी," रंगूबाई म्हणाली, "हे लिहेल नसलं तं पानी येनार नाही काय?"

"येईन. पानी तं येईनच. पन त्याचा पुरावा राह्यनार नाही."

"मंग राहू द्या," कस्तुराबाई म्हणाली, आणि दोघी उठल्या. इब्राहीमला ते लागलं. त्याच्या तीस वर्षांच्या धंद्यात कागद न लिहिता गेलेलं हे पहिलंच गिऱ्हाईक होतं.

रामकिसननं दोनदा वकील गाठला. वकिलानं सांगितलं की दोन बाया आपापल्या जमिनीत उभ्या राहून पाणी काढतात, यात दावा करण्यासारखं काही नाही. रामकिसन म्हणाला, मग मी काय करू? वकील म्हणाला, वाट पाहा.

दोघी पुन्हा एका चुलीवर आल्या नाहीत. घरं वेगळीच राहिली, आणि भांडणंही थांबली नाहीत. केळीच्या पाळीला पाणी जास्त गेलं यावरून एकदा त्या तीन दिवस बोलल्या नाहीत. पण मोट तीनही दिवस चालू होती. त्या वर्षी मिरची चांगली उतरली. बाजारचा उस्मान बागवान माल न्यायला आला, तेव्हा त्यानं सवयीनं विचारलं, "मालकीन कोन?"

दोघी एकदमच म्हणाल्या, "मी." उस्माननं दोघींचं ऐकून घेतलं, मग पोती मोजायला हेमलाला हाक मारली.